ओठ वाचणारा छगन

छगनचे कान काही एका दिवसात गेले नाहीत. पुष्पाबाई सांगते, लग्न झालं तेव्हा बाहेरची कडी वाजली तरी हा उठून बसायचा. गायत्री झाली तेव्हा तिच्या रडण्यानं जागा व्हायचा. पुढे कधीतरी कुकरच्या शिट्ट्या ऐकू येईनाशा झाल्या, मग मागून मारलेली हाक, आणि मग शेजारी बसून बोललेलंही अर्धंमुर्धं यायला लागलं. कान गेल्याची तक्रार मात्र त्यानं कुणाकडे केली नाही. सुरतेतल्या उधन्याच्या ज्या कारखान्यात तो साचे, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, चालवायचा, तिथे जुन्या कारागिरांपैकी धड ऐकू येणारा माणूस शोधून सापडला नसता. लूमची खडखड बारा तास डोक्यात ठोकत राहते. पाळी संपवून बाहेर आलं तरी ती थांबत नाही. लोक म्हणायचे, "डोळे गेले तर साचा चालत नाही, कान गेले तर काय बिघडतंय?"

शिंदखेड्याकडच्या गावातून तो मामाबरोबर सुरतेला आला, तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. मामानं पहिल्या दिवशी त्याला साच्यापुढे उभं केलं आणि काहीतरी सांगितलं. छगननं कान पुढे केला. मामा हसला, त्याची हनुवटी धरून त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि स्वतःच्या ओठांकडे बोट दाखवलं. कारखान्यात ऐकायचं नसतं, बघायचं असतं, हा त्याचा पहिला धडा. वर्षभरात तो इतका तयार झाला की चार साचे पलीकडे उभा असलेला खानदेशी माणूस काय बोलतोय ते त्याला कळायचं. आवाज न काढता ते एकमेकांना शिव्या देत, गावाकडच्या लग्नाच्या बातम्या सांगत, मुकादमाची नक्कल करत. फक्त एक गोष्ट होती. ओठ कळायचे ते अहिराणीचेच. ओडिशाचे कारागीर हातवाऱ्यांनी बोलायचे, शेठचं गुजराती छगन कानावर जेवढं पडेल तेवढंच समजून घ्यायचा, आणि पुढे तर तेही पडेनासं झालं.

गायत्रीनं हे फार लवकर ओळखलं. तीन-साडेतीन वर्षांची असेल. बाप जेवायला बसला की ती त्याच्या मांडीवर चढायची, दोन्ही हातांनी त्याचे गाल धरायची आणि म्हणायची, "आप्पा, मना तोंडकडे देख." मग एकेक शब्द चघळून चघळून बोलायची. आज कुणाच्या घरी मांजर व्याली, मायनं कुणाशी भांडण केलं, टिकलीचा डबा कुणी सांडला. पुष्पाबाई घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायची. ती हसून म्हणायची, "दिवसभर मनाशी बोलत नही, सगळं तुम्हनासाठी राखी ठेवस." खोलीत पंख्याची घरघर, बाहेर गल्लीतला कालवा, आणि छगनला त्यातलं फारसं काही ऐकू येत नसताना पोरीचं बोलणं मात्र स्वच्छ समजायचं. त्याच्या आयुष्यातले ते सगळ्यात बोलके दिवस.

शाळेचं त्याच्या डोक्यात घातलं योगराजनं. योगराज म्हणजे गल्लीच्या तोंडाशी मोबाइलचं दुकान चालवणारा, बारावी झालेला, अमळनेरकडचा. गरिबांच्या मुलांसाठी मोठ्या खाजगी शाळांत काही जागा राखून ठेवतात, अर्ज कॉम्प्युटरवर करायचा, नंबर लागला तर फी सरकार भरतं, हे त्यानं छगनला वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून समजावलं. छगनला वाचायला वेळ लागला, पण कळलं. तो स्वतः गावात चौथीपर्यंत शिकला आणि पाचवीला धुळ्याला आत्याकडे गेला होता. तिथल्या वर्गात गुरुजींनी नाव विचारलं, गाव विचारलं, आणि यानं घरी बोलतो तसं उत्तर दिलं. वर्ग हसला. गुरुजीही हसले. नंतर जो उठेल तो त्याची नक्कल करायचा. सहामाहीच्या आधीच छगन गावी परतला तो पुन्हा शाळेत गेला नाही. हे त्यानं पुष्पाबाईलाही कधी सांगितलं नव्हतं. पण योगराजनं "इंग्लिश मीडियम" असं लिहून खाली दोन रेघा मारल्या, तेव्हा त्याच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की आपल्या पोरीला कुणी हसणार नाही.

नंबर लागला. छगननं गल्लीत जिलेबी वाटली.

शाळा शहराच्या श्रीमंत भागात, वेसूच्या बाजूला होती. फाटकातून आत गेलं की कारंजं, त्याच्या मधोमध फिरणारा पृथ्वीचा मोठा गोळा. रात्रपाळी असली की छगन कारखान्यातून थेट घरी यायचा, तोंडावर पाणी मारायचा आणि गायत्रीला सायकलवर बसवून सोडायला जायचा. गाड्यांच्या रांगेत त्याची सायकल बघून वॉचमननं पहिल्याच आठवड्यात त्याला बाजूच्या छोट्या फाटकाकडे पिटाळलं. छगनला त्याचं वाईट वाटलं नाही. फाटक कोणतंही असो, आत गेल्यावर वर्ग एकच आहे, असं तो म्हणायचा.

पहिल्या पालकसभेला तो आणि पुष्पाबाई दोघंही गेले. वर्गाच्या मॅडम तरुण होत्या, मनानं चांगल्या होत्या. गायत्री हुशार आहे, पण वर्गात गप्प बसते, असं त्यांनी हिंदीत सांगितलं. पुष्पाबाईनं ते आपल्या भाषेत छगनला सांगितलं. मग मॅडम म्हणाल्या, "घर पे कौन सी भाषा बोलते हो? मराठी?"

"मराठी नहीं, अहिराणी," पुष्पाबाई म्हणाली.

मॅडमनी ते नाव कधी ऐकलं नव्हतं. त्या म्हणाल्या, घरी ती भाषा बंद करा. इंग्लिश येत नसेल तर निदान हिंदी बोला. मुलीच्या डोक्यात गोंधळ होतोय.

बाहेर आल्यावर पुष्पाबाईनं तेही छगनला सांगितलं आणि दोघं सायकलवरून घरी निघाले. गल्लीत शिरता शिरता छगननं सायकल थांबवली आणि पुष्पाबाईला म्हणाला, "आजपाईन तिनासंगे आपली भाषा बोलानी नही."

"आणि तुम्ही?" पुष्पाबाईनं विचारलं. "तुम्हले कसं समजी?"

"मनं मी देखी लिसू."

हा निर्णय त्याचाच होता, कुणी त्याच्यावर लादला नाही, आणि पुढे तो स्वतःला हेच पुन्हापुन्हा ऐकवत राहिला. मोडक्यातोडक्या हिंदीत पुष्पाबाई मुलीला जेवायला बोलवू लागली, झोपायला सांगू लागली. गायत्री आधी गोंधळली, मग तिला मजा वाटली, मग तिची हिंदी आईच्या पुढे गेली. हिंदीच्या पाठोपाठ इंग्लिश आलं. छगनसमोर ती त्याचे गाल धरून बोलायची, पण त्या ओठांच्या हालचाली त्याच्या ओळखीच्या नव्हत्या. तो मान डोलवायचा. पोरीचं समाधान झालं की गाल सोडून ती निघून जायची. हळूहळू गाल धरणंही संपलं. नाव "आप्पा"चं "पप्पा" झालं, तो शब्द मात्र त्याला नेमका कळायचा.

चौथीत असताना शाळेत मोठा कार्यक्रम झाला. जगातल्या संस्कृती, असा काहीसा विषय होता. बाहेरच्या देशातले पाहुणे येणार होते. प्रत्येक मुलानं आपल्या घरच्या पोशाखात यायचं आणि आपल्या मातृभाषेत दोन वाक्यं बोलायची. गायत्रीनं घरी येऊन आईला विचारलं, "मम्मी, अपनी वाली कैसे बोलते हैं?"

पुष्पाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. श्रावणात घरी बसणाऱ्या कानबाई देवीचं सांगू, असं दोघींनी ठरवलं. नवागाम, डिंडोली या वस्त्यांत खानदेशी घरांतून कानबाई बसते, नैवेद्याचे रोट होतात, मिरवणूक निघते, ते गायत्रीनं दरवर्षी पाहिलेलं. आठवडाभर घरात अहिराणीला परवानगी मिळाली. गायत्री छगनपुढे उभी राहून म्हणायची, "सरावन महिनामा आमना घर कानबाई येस. मनी माय रोट करस." छगन ते तिच्या ओठांवर वाचायचा आणि एखादा शब्द चुकला की हात वर करायचा. त्याला त्या आठवड्यात जेवण गोड लागलं.

कार्यक्रमाला त्यानं पाळी बदलून घेतली. सगळ्यात मागच्या रांगेत दोघं बसले. पंजाबी झाले, बंगाली झाले, तमिळ झाले, एक मुलगा जपानी होऊन आला. मग गायत्री आली. कुठून तरी आणलेली नऊवारी, नाकात मोठी नथ, कमरेला पट्टा. पुष्पाबाई चमकली. तिनं मुलीला स्वतःच्या लग्नातलं लुगडं कापून नेसवून पाठवलं होतं. गायत्रीनं हात जोडले, ओठ हलले. छगन पुढे झुकला. त्याला एक शब्दही लागला नाही. त्यानं डोळे बारीक केले. कानबाई नव्हती, रोट नव्हता, मायही नव्हती. टाळ्या वाजल्या तशा त्यानंही वाजवल्या.

नंतर पुष्पाबाईनं विचारलं तेव्हा गायत्री म्हणाली, मॅडमनी तालमीत ऐकलं आणि सांगितलं की ये तो मराठी है ही नहीं, पाहुण्यांपुढे चुकीचं नको. त्यांनी इंटरनेटवरून शुद्ध वाक्यं काढून पाठ करायला दिली. काय वाक्यं होती, असं विचारलं तर तिला अर्थ सांगता आला नाही. नथ परत करायची आहे, हरवू नको, एवढंच ती म्हणाली.

त्यानंतर घरात गायत्रीच्या तोंडी अहिराणी पुन्हा आली नाही.

मग ते करोनाचं वर्ष. कारखाने बंद, सगळे गावी गेले. गावात शेताच्या बांधावर चढलं तरच फोनला रेंज यायची. गायत्री बांधावर बसून वर्ग बघायची, मधेच तो तुटायचा, ती पुन्हा लावायची. सुरतेला परतल्यावर छगनच्या नशिबी वेगळाच अंधार आला. सगळ्यांची तोंडं झाकलेली. कारखान्यात, दुकानात, बँकेत, दवाखान्यात, जिथे जाईल तिथे नुसते डोळे. जे काही उरलंसुरलं समजत होतं तेही गेलं. लोक त्याच्याशी बोलत आणि तो भिंतीसारखा उभा राही. एकदा साच्याजवळ कुणीतरी ओरडून सावध केलं, त्याला कळलं नाही, धोटा उडून खांद्यात बसला. मुखपट्ट्या निघाल्या तोवर त्याची माणसांच्या तोंडाकडे बघायची सवयच मोडत आली होती.

गायत्री मात्र शिकत होती. गणितात पहिल्या पाचांत असायची. तिच्या मैत्रिणी सुट्टीत दुबईला, सिंगापूरला जायच्या, आणि ही त्यांना आपण कुठे राहतो ते सांगायची नाही. सातवीत तिनं छगनला सोडायला येऊ नको म्हटलं. ते तिनं हातानंच सांगितलं. छगनला वाटलं, मोठी झाली, एकटी जाते. पुष्पाबाईला खरं काय ते कळलं होतं.

आठवीची परीक्षा संपली त्या आठवड्यात शाळेनं आईबापांना बोलावलं. पुष्पाबाईला ताप होता, म्हणून छगन आणि गायत्री गेले. प्रिन्सिपल मॅडमच्या खोलीत गार हवा होती. छगन खुर्चीच्या कडेवर बसला. मॅडम बोलू लागल्या. त्याला त्यांच्या ओठांवरचं काहीच समजेना, म्हणून त्यानं गायत्रीकडे पाहिलं. गायत्री टेबलाकडे बघत होती.

"पप्पा को सुनाई नहीं देता," ती म्हणाली. "आप मुझे बोलिए, मैं बताती हूँ."

मॅडम अवघडल्या. मुलीला बाहेर बसवून बापाशी बोलायचं त्यांनी ठरवलं असावं. पण दुसरा उपाय नव्हता. त्यांनी मुलीलाच सांगितलं. सरकारची योजना आठवीपर्यंत आहे. नववीपासून इतरांप्रमाणे पूर्ण फी भरावी लागेल. शाळेच्या हातात काही नाही. तू फार गुणी मुलगी आहेस, आम्हाला वाईट वाटतं.

गायत्री खुर्चीवरून उठली आणि बापासमोर येऊन उभी राहिली. आधी तिनं हिंदीत सुरुवात केली. छगननं भुवया उंचावल्या. तिनं पुन्हा सांगितलं. त्याला नाही लागलं. मग तिनं एकदा मॅडमकडे चोरून पाहिलं, आणि कित्येक वर्षांनी बापाच्या भाषेत, चघळून चघळून म्हणाली, "आप्पा. मॅडम म्हनतस, आते नववीले पैसा भरना पडतीन. नही त शाळा सोडनी पडी."

छगनला एकेक अक्षर समजलं. पोरीला अजून आपली भाषा येते, याचा आनंद आधी झाला की त्या वाक्याचा घाव आधी बसला, हे त्याला पुढे कधीही सांगता आलं नाही. मग, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसा, नको इतक्या मोठ्या आवाजात म्हणाला, "तिले इचार, मंग आठ वरीस शिकाडं कसाले? ना आठेनी ठेवी, ना तठेनी. इचार तिले!"

बाहेरच्या बाकावर बसलेले पालक आत डोकावले. मॅडमनी गायत्रीला विचारलं, "क्या कह रहे हैं?"

गायत्रीचा चेहरा लाल झाला होता. ती मॅडमकडे वळली. पण अर्धवटच वळली, आणि तिचे ओठ छगनला दिसत होते.

"पप्पा थँक यू बोल रहे हैं."

इंग्लिशमधले ते दोनच शब्द छगनला ओठांवरून वाचता यायचे. शाळेच्या पहिल्या वर्षी तिनंच ते त्याला शिकवले होते. मॅडम हसून हात जोडून उठल्या. छगनही उठला. दुसरं काय करणार होता?

पुढचा उन्हाळा शाळा शोधण्यात गेला. योगराजही दोनतीनदा बरोबर फिरला. इंग्लिशमधली दुसरी शाळा परवडणारी नव्हती. मराठी माध्यमाची एक शाळा होती, तिथल्या सरांनी गायत्रीला एक उतारा वाचायला दिला आणि ती पहिल्याच ओळीत अडखळली. सर म्हणाले, "बेटा, मराठी घरची भाषा ना तुझी?" गायत्रीनं पुस्तक मिटून त्यांच्यापुढे ठेवलं. शेवटी डिंडोलीच्या बाजूच्या गुजराती शाळेत नाव घातलं. गुजराती ती वाचायची, बोलायची, पण विज्ञान आणि समाजशास्त्र त्या भाषेत लिहायचं म्हणजे प्रत्येक शब्दाला ठेच. माहीत असलेली गोष्ट तिला पेपरात मांडता येईना. वर्गातल्या मुली तिला "इंग्लिश मॅडम" म्हणून चिडवायच्या. ज्या हसण्यापासून वाचवायला छगननं एवढा खटाटोप केला, ते हसणं नवीन नाव घेऊन तिच्या मागे आलं होतं. नववीत ती नापास झाली. निकालाच्या दिवशी रडली नाही. दप्तर पलंगाखाली सरकवलं आणि आईशेजारी टिकल्या चिकटवायला बसली.

तिचं इंग्लिश कामाला आलं, नाही असं नाही. रिंगरोडच्या कापड मार्केटमध्ये एका शेठला परदेशातल्या गिऱ्हाइकांना मोबाइलवर साड्या दाखवायला मुलगी हवी होती. लंडन, डर्बन, मॉरिशस, कुठून कुठून बायका फोन करतात. गायत्री पदर खांद्यावर घेऊन कॅमेऱ्यासमोर उभी राहते, रंगांची नावं घेते, गोड हसते. शेठ खूश असतो. अशी फाडफाड इंग्लिश बोलणारी आणि इतक्या कमीत मिळणारी दुसरी कुठे सापडणार?

त्याच साली छगनचा कारखानाही बदलला. जुने साचे भंगारात गेले, बाहेरच्या देशातली नवी यंत्रं आली. त्यांना भोंगे असतात, ते वाजले की धावावं लागतं. छगनला भोंगा ऐकू येणार नाही, हे सांगायला मुकादमाला ओठ हलवायचीही गरज पडली नाही. आता तो सुरतेबाहेरच्या सचिन या गावी, कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाउसमध्ये कापडाचे ताके टेम्पोत चढवतो. सकाळी तो आधी निघतो, गायत्री संध्याकाळी उशिरा येते. एका खोलीत राहून दोघांची धड गाठ पडते ती रविवारी.

गेल्या रविवारी दुपारी छगननं मनाचा हिय्या केला. योगराजनं त्याला सांगितलं होतं, बाहेरून दहावीला बसता येतं, इंग्लिशमधूनही. जेवणं झाली होती. गायत्री दाराशी बसून फोनवर बोटं फिरवत होती.

"गायत्री," तो अहिराणीतच म्हणाला, "बाहेरथीन दहावीले बस. योगराज सगळं करी देस."

तिनं वर पाहिलं नाही. काहीतरी बोलली. मान फोनकडेच होती, केस गालावर आले होते, ओठ दिसले नाहीत. हनुवटी हलली त्यावरून चांगली दोनतीन वाक्यं असावीत. बोलून झाल्यावर ती उठली, चपला घातल्या आणि गल्लीत निघून गेली.

छगन पुष्पाबाईकडे वळला. "काय म्हने?"

पुष्पाबाईनं हातातली साडी खाली ठेवली. तिनं छगनकडे नीट तोंड केलं, इतक्या वर्षांत करत आली तसं.

"काही नही," ती म्हणाली.

छगनला ते शब्द स्पष्ट कळले. बायको खोटं बोलते आहे, हेही कळलं. तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.